गोंदलेला ओ

"काका, तुमचा ए आहे," रक्तपेढीची मुलगी म्हणाली, आणि पितांबर भामरेला पहिल्यांदा राग आला तो त्या 'काका'चा. विमा कंपनीच्या जळगाव शाखेत त्याला सगळे भामरेसाहेब म्हणत, निदान तोंडावर तरी. कंपनीच्या वर्धापनदिनाचं रक्तदान शिबिर त्याच्याच केबिनसमोरच्या हॉलमध्ये भरलं होतं. पांढऱ्या चादरी, केळी, ग्लुकोजची बिस्किटं, आणि शाखेतले यच्चयावत कारकून बाह्या सारून लढाईत जखमी झाल्यासारखे आडवे पडलेले. एरवी ज्यांच्या हातून शेजाऱ्याला पेन सुटत नाही ते आज रक्त देणार होते आणि पुढे वर्षभर ते सांगत बसणार होते. साहेबाने आधी झोपायचं असतं म्हणून पितांबर नाक मुरडतच हॉलमध्ये आला होता. "ए नाही, ओ," तो म्हणाला. "नीट बघा." आणि त्याने डावा हात पुढे केला. मनगटाच्या वर, हिरवट पडलेल्या शाईत, ओ गोंदलेला होता. मुलीने वाकून पाहिलं. "हे ओम आहे ना?" तिने विचारलं. पितांबरने उत्तर दिलं नाही. मूर्खांना उत्तर द्यायचं नाही हा त्याचा जुना नियम होता, आणि त्या नियमामुळे त्याला दिवसचे दिवस फारसं बोलावं लागत नसे. मुलीने काचपट्टी त्याच्या नाकासमोर धरली. निळ्या औषधातला थेंब दूध नासावं तसा फाटला होता. पिवळ्या औषधातला थेंब एकसारखा लाल होता. "निळ्यात फाटलं की ए," ती म्हणाली. "दोनदा बघितलं मी. आणि तसंही तुमचं घेता येणार नाही, काका. हिमोग्लोबिन फारच कमी आहे. कुठून रक्त जातं का तुमचं?" पलीकडच्या खाटेवरचा कारकून मान उचलून बघायला लागला. "आधी तुमच्या औषधाची तारीख बघा," पितांबर म्हणाला, बाही खाली केली, बटण लावलं आणि केबिनमध्ये जाऊन दार लोटून घेतलं.

टेबलावर विम्याचे प्रस्ताव पडले होते. वडील हयात नसल्यास मृत्यूचं कारण, या एका ओळीवर अख्खा खानदेश खोटं बोलतो असं त्याचं अनुभवाचं मत होतं. रावेरच्या केळीवाल्याचा बाप म्हातारपणाने गेलेला असे, आणि बापाचं वय पन्नास. धरणगावच्या कापूसवाल्याचा बाप साध्या तापाने. कोणाच्याही बापाला कधी क्षय होत नाही, कोणाचाही बाप दारूने मरत नाही. पितांबर लाल पेन घेऊन बसे आणि या बापांना एकेक करून पकडे. नोकरीत त्याला आनंद काय तो तेवढाच होता. स्वतःच्या बापाचं मात्र तो न लपवता सांगे, आणि सांगताना त्याचा आवाज थोडा चढे. "माझे वडील पोटाच्या कॅन्सरने गेले. पण ते ए होते. मी ओ." समोरच्याला यातलं ओ की ठो कळत नसे, आणि तेही त्याला बरंच वाटे. हे ज्ञान त्याने कंपनीच्या डॉक्टर राणेंकडून चहा पिता पिता मिळवलं होतं. परदेशात हजारो रोग्यांचे गट तपासून पाहिले, राणे म्हणाले होते, तर पोटाचा कॅन्सर ए गटवाल्यांत थोडा जास्त सापडला आणि ओ गटवाल्यांत अल्सर जास्त. राणे त्यापुढेही काही बोलत होते. पण पितांबरचा चहा संपला होता आणि त्याला हवं ते मिळालं होतं. बापाचा रोग बापाच्या अक्षराबरोबर गेला, आपलं अक्षर वेगळं आहे, एवढं घेऊन तो उठला होता.

त्याला बापाचं काहीच नको होतं. नावसुद्धा नको होतं. बापाचं नाव उखर्डू. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आजीने त्याला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीने उचलून परत दिलं. यमाला वाटावं की हा केरकचरा आहे, हा कशाला न्यायचा. शिरपूरकडच्या त्यांच्या गावात अशा नावाची माणसं गल्लोगल्ली होती आणि कोणाला त्यात काही वाटत नसे. पितांबरला वाटे. शाळेच्या दाखल्यात, कॉलेजच्या हजेरीत, लग्नाच्या पत्रिकेत तो उकिरडा त्याच्या नावामागून आला. नोकरी लागताच त्याने स्वतःला पी. यू. भामरे करून घेतलं, आणि यू म्हणजे काय असं विचारणाऱ्याकडे तो असा बघे की पुन्हा कोणाची विचारायची छाती होत नसे. काय लोक, त्याला वाटे. मरणाला फसवायला निघाले, तेही उकिरड्याच्या जोरावर. आणि बापाची ती हाक. गल्लीच्या टोकापासून बाप पूर्ण नाव घेऊन ओरडे आणि पोराची तितकीच मोठी ओ आल्याशिवाय थांबत नसे. "ओ दे ना रे, बहिरा शे का?" धुळ्याला शिकायला आल्यावर पितांबरने पहिली टाकून दिली ती ही ओ. शहरातली मुलं 'हजर' म्हणत, 'येस सर' म्हणत. ओ देत ती गुरांमागची पोरं.

मग कॉलेजातल्या तपासणीत त्याचा रक्तगट निघाला, ओ. तोच उच्चार, पण हा विज्ञानाचा होता, त्यामुळे त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. त्या वर्षी सारंगखेड्याच्या यात्रेत गावची मंडळी हातावर देवाची नावं, नवऱ्याची नावं, विंचू नि मोर गोंदून घेत होती. त्यांना दाखवून द्यायचं म्हणून पितांबर गोंदणारीसमोर बसला आणि म्हणाला, ओ काढ. तिने सवयीने आधी वर टिंब ठेवलं. "ओम नको, नुसता ओ," तो खेकसला. पण ठेवलेलं टिंब काही पुसता येईना, आणि तेव्हापासून सगळं जग त्याला अर्ध्यावर सोडलेला भाविक समजत आलं होतं. बाप शेजारी जिलेबीचा पुडा धरून उभा होता. "काय गोंदं रे?" त्याने विचारलं. रक्ताचा गट, पितांबरने सांगितलं. "मंग बरं शे," बाप म्हणाला, "काही व्हयनं तं कामले येई." कामाला आलाच. काही वर्षांनी बाप धुळ्याच्या दवाखान्यात भिंतीकडे तोंड करून पडला, वर्षभर पोटातली कळ लपवून आणि डोंगरातल्या एका भगताचा अंगारा पाण्यातून घेऊन, सगळी शोभा झाल्यावर. डॉक्टरने ए गटाचंच रक्त मागितलं; ओ सगळ्यांना चालतो हे त्या दवाखान्यात चालत नसे. पितांबरने बाही वर करून हात दाखवला, माझं चालणार नाही, ओ आहे. चुलतभाऊ छगन पुढे झाला, त्याचं जुळलं, विषय संपला. बाप खाटेवरून हे सगळं बघत होता. "तुनं रगत मना कामनं नही, भो," तो म्हणाला, आणि थोडासा हसला. त्या वेळी पितांबरला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि आज केबिनमध्ये पंख्याखाली बसून त्याला ते सुटणंच जास्त आठवत होतं.

म्हणजे जुळलं असतं. त्याने हा विचार एखादा चुकीचा प्रस्ताव परत पाठवावा तसा परत पाठवला. त्या मुलीला अक्कल नाही. औषध शिळं असेल, उन्हात ठेवलं असेल, आपल्या लोकांना साधा बर्फ टिकवता येत नाही. पण हात आपसूक बरगडीखाली गेला होता. गेलं वर्षभर तिथे काहीतरी चावत होतं. भरीत बंद झालं, ठेचा बंद झाला, मग भाकरीच दोन घासांवर आली. पॅन्टचा पट्टा आत आत जात राहिला आणि त्याने मोच्याकडून नवं भोक पाडून घेतलं. बायको लिला विचारायची, डॉक्टरकडे का जात नाही. तो तिला म्हणायचा की हा अल्सर आहे, ओ गटवाल्यांचा आजार, तुला त्यातलं काय कळतं. सकाळी संडासात काळंकुट्ट पडे ते तो बघे आणि पाणी ओते. अल्सरमध्ये होतं तसं. नावासकट माहीत असलेल्या रोगाला काय भ्यायचं. बापाचा रोग आपल्याला शिवणार नाही हे हातावर लिहिलेलं होतं, आणि अडाणी माणसासारखं दर खेपेला डॉक्टरच्या दारात जाऊन बसणं त्याला कमीपणाचं वाटे.

औषध तो पुखराजच्या दुकानातून घेई, ते गुलाबी, खडूसारखं. पुखराज ओसवालचं मेडिकल कोर्टाजवळ होतं आणि बाटली देताना तो हळूच म्हणे, "साहेब, एक बार दुर्बीण टाकून बघून घ्या ना." पितांबर त्याला दुकानदारीकडे लक्ष द्यायला सांगे. याच पुखराजने मागे एकदा गिऱ्हाईक नसताना, फार संकोचून, त्याला बाजूला घेतलं होतं. मुलीचं मालेगावला जमत होतं, मुलगा चांगला, घर चांगलं, पण दोघांचाही बी पॉझिटिव्ह निघाला. एकच ग्रुप असला तर मूल धड होत नाही म्हणतात, खरं का, साहेब? घरचे अडून बसलेत. पितांबरला त्या दिवशी जेवण गोड लागलं होतं. "पुखराजशेठ," तो एवढ्या मोठ्याने म्हणाला होता की रस्त्यावरचे दोघे थांबले, "पत्रिकेतले गुण जुळवायचे सोडलेत आणि आता ग्रुप जुळवायला लागलात. तुमच्या त्या गल्ल्यावरच्या मुनीमजीचा कोणता आहे, तोही जुळवून घ्या." पुखराज हसला होता, मारवाडी दुकानदाराला हसावंच लागतं. मुलीचं ते लग्न मोडलं, पुढे दुसरीकडे झालं. त्या वेळी पितांबर घरी येऊन लिलाला म्हणाला होता की या देशात माणसं अक्षराला कुंकू लावतील. आता तो ती बाटली टेबलाच्या खणातून काढून बघत होता. झाकणाभोवती गुलाबी पापुद्रा जमला होता. ओ, म्हणून अल्सर. अल्सर, म्हणून ही बाटली. आपण तरी वर्षभर दुसरं काय जुळवत होतो, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने खण धाडकन लावला.

धुळ्याला जायचं त्याने ठरवलं ते तिथे त्याला साहेब म्हणणारं कोणी नाही म्हणून. लिलाला सांगितलं, आईला भेटून येतो. पारोळ्याचे फाटे, उन्हाने पांढरी पडलेली कपाशी, एसटीतला घामाचा नि शेंगांचा वास, सगळं त्याने नाकाला रुमाल लावून सोसलं. स्टँडजवळच्या एका लॅबमध्ये त्याने बोट टोचून घेतलं. तिथल्या पोराने काही न विचारता, बिडी पलीकडे ठेवून, काच हलवली आणि म्हणाला, ए पॉझिटिव्ह. पितांबरने त्याच्याशी वाद घातला नाही. धुळ्यातच देवपुरात आई एकटी दोन खोल्यांत राहत होती. जळगावला करमत नाही म्हणे, सून नीट बोलते पण फार हळू बोलते. द्रौपदाबाईंनी मुलाला बघितलं, हात धरला, त्याची नखं उलटीसुलटी केली आणि चूल पेटवली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली, वर तेल घातलं. तो ताटापुढे बसला आणि भाकरीचे तुकडे करत राहिला. "भाकर मोडी राह्यना, खास काब्र नही?" आई म्हणाली. भूक नाही, माय, तो म्हणाला. जळगावात तो तिला आई म्हणे. "तुना बापबी असाच हात दाबीसन बसे," ती म्हणाली. त्याने बरगडीखालचा हात काढून मांडीवर ठेवला. "डाक्टरले दखाडं का?" मूर्खांना उत्तर द्यायचं नाही हा नियम इथे लागू पडत नव्हता, कारण या घरात सध्या मूर्ख कोण आहे हे त्याला कळायला लागलं होतं.

जेवणानंतर तो ओट्यावर जाऊन बसला आणि हातावरच्या अक्षराकडे बघत राहिला. ओ. नुसता ओ. कॉलेजात बाकीच्यांच्या चिठ्ठीवर बी पॉझिटिव्ह, एबी पॉझिटिव्ह असं पूर्ण लिहिलेलं होतं; याच्या चिठ्ठीवर एकच अक्षर, पुढे ना पॉझिटिव्ह, ना निगेटिव्ह. कारकुनाने आळस केला असेल असं त्याने तेव्हा धरलं होतं, आणि इतकी वर्षं दुसऱ्यांच्या प्रस्तावातला एक रिकामा चौकोन न सोडणाऱ्या माणसाने हा एक सोडून दिला होता. आतून आई काहीतरी मागत होती, त्याला ऐकू येत नव्हतं. मग ती पूर्ण नाव घेऊन ओरडली, अगदी बापासारखी, आणि वर म्हणाली, "कव्हयनी हाका मारी राह्यनी मी. ओ तरी दे." तिथे त्याला लख्ख आठवलं. कॉलेजचा तो लांब व्हरांडा. बोटं टोचून झालेली, कंपाउंडरसमोर काचा मांडलेल्या, शेजारी कारकून चिठ्ठ्यांवर वाकलेला. तो एकेक नाव मोठ्याने घेई, कंपाउंडर काच बघून गट सांगे, कारकून लिही. "भामरे पितांबर उखर्डू." उखर्डू ऐकून मागे कोणीतरी खिंकाळलं. आणि पितांबरच्या तोंडून, शहरात येऊन महिनाही झाला नव्हता, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशी ओ निघून गेली. सगळा व्हरांडा हसला. कंपाउंडरही हसला, हसता हसता कोटाच्या बाहीने काच पुसत होता. कारकून मात्र वर न बघता लिहीत होता. त्याला गट ऐकू आला होता, ओ, त्याने लिहिला आणि चिठ्ठी फाडून दिली. लाजेने कान तापलेला पितांबर ती मुठीत धरून पळाला होता. त्यानंतर त्याने कधी कोणाला ओ दिली नाही. आणि दिलेली ती शेवटची हातावर गोंदून घेतली.

त्याला हसू आलं, आणि ते पोटात दुखलं. बापाने अंगारा घेतला होता. बापाच्या आईने पोर उकिरड्यावर टाकलं होतं. त्यांना निदान माहीत होतं की आपण भितो आहोत. याने गावठी तोंडातून सुटलेला एक आवाज विज्ञान म्हणून अंगावर वागवला, त्याच्या भरवशावर बापाला रक्त दिलं नाही, त्याच्या भरवशावर वर्षभर स्वतःचं काळं रक्त पाणी ओतून घालवलं, आणि बाकी दुनियेला अडाणी म्हणत हिंडला. त्याला स्वतःची अशी किळस आली की ओट्यावर थुंकावंसं वाटलं. आणि आता राणेंच्या बोलण्याचा राहिलेला अर्धा भागही, न बोलावता, आठवला. "पण भामरे, जास्त म्हणजे किती? ओवाल्या दहांना झाला तर तितक्याच एवाल्यांत अकरा-बारांना. म्हणून ओवाले काही सुटले नाहीत, आणि एवाले काही मेले नाहीत. पोट दुखलं तर पोट तपासायचं, गट नाही." एवढं सोपं वाक्य होतं. ऐकायला अर्धा कप चहा जास्त लागला असता. ए असण्याने तो बुडाला नव्हता आणि ओ असण्याने वाचला नसता. गेलं होतं ते वर्ष, आणि ते त्याने स्वतः घालवलं होतं. आत आई भांडी घासत होती. "माय," तो दारातून म्हणाला, "उद्या दुर्बीणवाल्या डॉक्टरकडे जाऊ. तू चल." तिने मान हलवली आणि राखेचे हात धुवायला घेतले.

सकाळी उपाशीपोटी ते दवाखान्यात गेले. खिडकीशी नाव आईने सांगितलं, पितांबर मध्ये पडला नाही. बाकांवर साक्रीकडची, दोंडाईच्याकडची माणसं पिशव्या मांडीवर घेऊन बसली होती. काल-परवापर्यंत त्याने त्यांच्यातल्या एकेकाला निवडून मनातल्या मनात सोलला असता, हा पुड्या खाणारा, ही नवस बोलणारी. आजही सवयीने सुरुवात केली, पण एका म्हाताऱ्याच्या दंडावरच्या काळ्या दोऱ्यापाशी तो अडला आणि आपली बाही मनगटापर्यंत ओढून बसला. त्याला भीती वाटत होती. साधी, उघडी भीती, जी बापाला भिंतीकडे तोंड करून वाटली असेल. अल्सरही असेल, ए गटवाल्यांना काय अल्सर होत नाहीत. किंवा ते दुसरं असेल. आत एक नळी होती आणि तिच्या टोकाशी उजेड होता, आणि तिला अक्षरं वाचता येत नव्हती. द्रौपदाबाई शेजारी पदराची गाठ सोडत आणि बांधत होत्या.

कंपाउंडर हातात केसपेपर घेऊन दारात आला. "पितांबर उखर्डू भामरे," त्याने मोठ्याने वाचलं. कोणी हसलं नाही. पितांबरने 'येस' म्हणायला तोंड उघडलं.

"ओ," तो म्हणाला. इतक्या मोठ्याने की शेजारी बसलेली आई वळून बघायला लागली.

कंपाउंडरने कानावरचं पेन काढलं आणि कागदावर टेकवलं. पितांबर धडपडून उठला. "ते लिहू नका," तो म्हणाला.

"काय?"

"गट नाही तो. हाकेला ओ दिली मी."

कंपाउंडरने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्या आईकडे. "मी फक्त आले म्हणून खूण करतोय, आबा," तो म्हणाला. "चला आत. बाही वर करा, सुई द्यायचीय."